नंबर जुळत नाही, काका!

पुण्याच्या माझ्या पुतण्याने मध्यंतरी एक जुनी मोटार घेतली. १९४८ सालची एमजी टीसी. दोघांपुरती जागा, तारांच्या आऱ्यांची उंच चाके. विकणारा म्हणाला होता, सगळे मूळचेच आहे. महिन्याभराने पोराचा फोन, "काका, फसलो. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळत नाही."

आता मी पडलो काष्टीचा. आमच्या शनिवारच्या बैलबाजारात कुणी "आदत आहे हो" म्हणाला की माणूस आधी जनावराचे तोंड उघडतो. शिंगे घासून रंगवता येतात, दातांचे तसे नाही. मोटारीचे दात म्हणजे चॅसीवर ठोकलेला आकडा. टीसीचे आकडे ०२५१ पासून सुरू होतात. का, तर इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता! १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या. पुतण्याच्या गाडीचा चॅसीचा आकडा बरोबर निघाला. इंजिन मात्र दुसऱ्या कुठल्या तरी टीसीचे.

ही भानगड मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. 'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिचे इंजिन बदलले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी गेला, मग तिच्यावर नवी बॉडी चढली. १९९० च्या सुमारास एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे! प्रकरण लंडनच्या कोर्टात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की गाडी तीच. भाग एकामागून एक बदलत गेले होते, तिचा इतिहास मध्ये कुठेच तुटलेला नव्हता.

हे पुतण्याला सांगितले तेव्हा तो थोडा शांत झाला. पण एका गॅरेजवाल्याने त्याला इंजिनावरचा नंबर घासून कागदावरचा ठोकून देतो असे सुचवले होते, आणि पोरगा विचारात पडला होता. मी रागावलो. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख खोडून द्या म्हणणारे पालक मी नोकरीभर पाहिले. (एकाचेही ऐकले नाही.) जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा ही त्यातली अट. म्हटले, जे आहे तेच अर्जात लिही. नाही मिळाला नंबर तर नाही.

खरे काम निघाले ते वेगळेच. टीसीच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. पत्रा काढला तर लाकूड हाताने भुगा व्हावे इतके कुजलेले. पुण्यात कुणी हात लावेना. आमच्या गावच्या, बैलगाड्या करणाऱ्या म्हाताऱ्या सुताराने ते तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, सागाचं चालंल का?" ॲश इथे कुठून आणणार! जुना प्रत्येक तुकडा नंबर घालून पोत्यात ठेवलाय आणि काय बदलले, कधी, कुणी, ते मी दोनशे पानी वहीत लिहितो आहे. इंजिनाचे पहिल्या पानावर लिहिले.

डावे दार अजून नीट बसत नाही. सुतार सोमवारी पुन्हा येणार आहे.