म्हैसूरची मुलकी सेवा : प्रवेश आणि बढती

बंगळूरच्या कब्बन उद्यानात तांबड्या रंगाची, उंच खांबांची एक दुमजली वास्तू उभी आहे. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. परंतु लोकांच्या तोंडी तिचे जुने नाव, ‘अठारा कचेरी’, अजून टिकून आहे. 1868 साली ती पुरी झाली, तेव्हा म्हैसूरच्या कारभाराची अठरा खाती तेथे एका छपराखाली आली. त्या कारभाराचा अंमलदार कसा घडे आणि वर कसा चढे, हा म्हैसूरच्या इतिहासातील एक बोधप्रद भाग आहे.

1831 साली इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार आपल्या हाती घेतला. 1834 पासून 1861 पर्यंत मार्क कब्बन हा तेथे कमिशनर होता. त्याने जुनी घडी फारशी मोडली नाही. तालुक्यावर अमलदार होते आणि दप्तरात कानडीबरोबर मराठीही चाले. त्या दप्तरात शिरण्यास परीक्षा नव्हती. वडीलधाऱ्यांच्या हाताखाली उमेदवारी करावी, अक्षर वळणदार करावे, हिशेब पक्का करावा आणि वरिष्ठांची मर्जी संपादावी, हेच शिक्षण व हीच शिफारस. बाउरिंगच्या अमदानीत, 1862 नंतर, प्रांताचे आठ जिल्हे झाले आणि कामाला नियमांची चौकट आली. मात्र वरच्या जागा बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच राहिल्या.

या काळात अधिकारी काम करता करता शिके. कुंभकोणमच्या मराठी घराण्यातील व्ही. पी. माधवराव हे त्याचे उत्तम उदाहरण होय. म्हैसुरात त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकपदापासून सुरुवात केली. पुढे न्याय, पोलिस, महसूल अशी खाती त्यांनी पाहिली. 1898 साली बंगळुरात प्लेग शिरला, तेव्हा त्याच्या बंदोबस्ताचा भार त्यांच्यावर आला. 1906 मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले.

1881 साली संस्थान पुन्हा वडियार घराण्याकडे आले. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी 1891 मध्ये मुलकी सेवेसाठी चढाओढीची परीक्षा सुरू केली. इंग्रजी हिंदुस्थानातील तरुणाला सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेसाठी त्या वेळी समुद्र ओलांडून लंडन गाठावे लागे. ती परीक्षा हिंदुस्थानात होऊ लागली ती 1922 मध्ये. म्हैसूरच्या पदवीधराला मात्र ही वाट एकतीस वर्षे आधी घरच्या अंगणात खुली झाली. या परीक्षेतून निवडलेला तरुण असिस्टंट कमिशनरच्या जागेवर उमेदवारी करी आणि तालुका, खजिना, न्यायकाम यांचा अनुभव घेत पुढे जाई.

तथापि परीक्षा दार उघडते. ते दार गाठण्याचे बळ देत नाही. इंग्रजी शिक्षण ज्या घरांत आधी पोहोचले, त्याच घरांतील मुले यादीत वर येऊ लागली. ब्राह्मणेतर समाजांनी याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा 1918 साली सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांकडे याव्यात, अशी शिफारस समितीने केली. दिवाण विश्वेश्वरय्यांना हे धोरण रुचले नाही. गुणवत्तेला धक्का बसेल अशी त्यांची भीती होती. त्याच वर्षी ते दिवाणपदावरून दूर झाले.

बढतीचा प्रश्न तर आणखी नाजूक होता. थोर कन्नड कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगार हे याच परीक्षेतून सेवेत आले आणि जिल्ह्याच्या प्रमुखपदापर्यंत चढले. पुढे मंत्रिपदाच्या तोडीच्या जागेसाठी त्यांच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याची निवड झाली, तेव्हा 1940 नंतरच्या काही वर्षांतच त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. प्रवेशाला गुणांची मोजपट्टी होती. शिखरावरची निवड मात्र राज्यकर्त्यांच्या पसंतीवरच राहिली.

कब्बनच्या दप्तरातील मर्जीला 1891 च्या परीक्षेने प्रवेशद्वाराशी अडविले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्या दारापर्यंत कोणाला पोहोचता येते आणि आत गेलेल्याला न्याय कोण देतो, हे दोन प्रश्न तिने सोडविले नाहीत. मिलर समितीने पहिल्याला हात घातला. दुसरा मास्तींच्या राजीनाम्यापर्यंत तसाच राहिला. गुणवत्ता आणि न्याय यांची सांगड घातल्यावाचून राज्ययंत्र लोकांचे होत नाही, हाच म्हैसूरच्या या अनुभवाचा अर्थ आहे.