सीमेन्सबान (बर्लिन)

सीमेन्सबान : जर्मनीची राजधानी बर्लिन हिच्या वायव्य भागातील, सध्या बंद असलेला उपनगरी लोहमार्गाचा फाटा. लांबी सुमारे ४.५ किमी. शहराभोवती फिरणाऱ्या वर्तुळाकार लोहमार्गावरील (रिंगबान) युंगफर्नहाइड स्थानकापासून हा फाटा निघतो, श्प्रे नदीपलीकडे वायव्येस वळतो आणि वर्नरवेर्क व सीमेन्सश्टाट ही स्थानके घेऊन गार्टेनफेल्ड येथे संपतो. मार्ग दुहेरी असून तो आरंभापासूनच विजेवर चालला. पहिली गाडी १८ डिसेंबर १९२९ रोजी धावली आणि सप्टेंबर १९८० मधील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संपात वाहतूक थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. त्यामुळे ‘संपाने बंद पडलेला मार्ग’ अशी त्याची ओळख रूढ झाली आहे. ही ओळख तारखेपुरती बरोबर असली तरी कारण म्हणून अपुरी आहे. संपाने थांबलेले इतर काही मार्ग पुढे सुरू झाले, हा मात्र राहिला. याचे उत्तर मार्गाच्या जन्मातच सापडते. ज्याला रेल्वेची गरज होती, ज्याने तिचा पैसा भरला आणि ज्याच्या हाती ती चालवण्याचा अधिकार होता, ते तिघे १९२९ मध्ये एका मेजाभोवती बसलेले होते. पुढे ते एकमेकांपासून तुटले, आणि या तुटण्यातच फाट्याचा शेवट होता.

पार्श्वभूमी विद्युत उद्योगाच्या वाढीची आहे. व्हेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८४७ मध्ये बर्लिनमध्ये स्थापन केलेल्या तारयंत्रांच्या कारखान्याला शतकाअखेर शहरात जागा पुरेना. कंपनीने १८९७ मध्ये शार्लोटेनबुर्ग व श्पांडाउ यांच्यामधील नोनेनडाम या विरळ वस्तीच्या भागात जमीन घेतली. तेथे केबल, तारयंत्रे, मोजमापाची उपकरणे, जनित्रे व मोटारी यांचे कारखाने एकामागोमाग उभे राहिले आणि १९१४ पासून या परिसराला सीमेन्सश्टाट हे नाव मिळाले. जमीन स्वस्त होती, पण कामगार दूर राहत होते. १९०५ मध्ये श्प्रेच्या दक्षिणेला फ्युर्स्टेनब्रुन हे स्थानक सुरू झाले. तिथे उतरून नदी ओलांडून चालत कारखाना गाठावा लागे. ट्राम होती, पण पाळी सुटल्यावर एकाच वेळी बाहेर पडणारा जमाव वाहून नेणे ट्रामच्या आवाक्याबाहेरचे होते. या अडचणीचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. सामान्य उपनगरात प्रवासी दिवसभर थोडेथोडे येतात. इथे दिवसाची गर्दी सकाळ-संध्याकाळच्या मोजक्या तासांत एकवटलेली होती आणि तिचे कारण एकच होते, कारखान्याचा भोंगा. अशा गर्दीसाठी बांधलेली रेल्वे उरलेल्या वेळात बरीचशी रिकामी धावणार, हे उघड असल्याने कोणतीही रेल्वे कंपनी आपल्या हिशेबावर तो खर्च अंगावर घेण्याचा संभव कमीच होता.

म्हणून तोडगा असा निघाला की सीमेन्सने जमीन द्यायची, मार्ग स्वखर्चाने बांधायचा आणि तो चालवायचा जर्मनीच्या राष्ट्रीय रेल्वेने, म्हणजे डॉइचे राइशबानने. याला कामगारकल्याण म्हणणारे आहेत. प्रवासाचे हाल कमी झाले हे खरेच, पण कंपनीचा हिशेबही त्यात स्पष्ट दिसतो. मनुष्यबळ वेळेवर आले नाही तर यंत्रे थांबतात, आणि शहराच्या दूरच्या भागातून कामगार आणता आले तर निवडीला वाव वाढतो. शिवाय बर्लिनच्या उपनगरी मार्गांचे विद्युतीकरण याच दशकात चालू होते आणि त्यासाठी लागणारी सामग्री पुरवणाऱ्यांत सीमेन्स समूह अग्रभागी होता. आपल्याच दारात विजेची गाडी येणे हा त्याच्या मालाचा नमुनाही होता. सर्वांत बोलका पुरावा व्यक्तीचा आहे. समूहाचे प्रमुख कार्ल फ्रीडरिख फॉन सीमेन्स हे १९२४ पासून १९३४ पर्यंत राइशबानच्या प्रशासकीय मंडळाचे अध्यक्षही होते. ग्राहक, पैसा पुरवणारा आणि रेल्वेचा कारभार यांच्यात जे अंतर एरवी वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराने भरून काढावे लागते, ते इथे फार कमी होते.

वास्तूंतही हे ऐक्य दिसते. स्थानकांची रचना कंपनीचे वास्तुकार हान्स हेर्टलाइन यांनी केली. सीमेन्सश्टाटमधील कारखान्यांच्या अनेक इमारती त्यांच्याच, १९२८ मध्ये पूर्ण झालेला उंच कारखानाही त्यांचाच. त्यामुळे फलाटावरून दिसणारी विटांची भिंत आणि फलाटाची स्वतःची वीट एकाच हातची आहे. वर्नरवेर्क स्थानकाजवळ मार्ग जमिनीवरून न जाता पोलादी खांबांवर चढवलेल्या लांब पुलावरून जातो, त्यामुळे खालचे रस्ते मोकळे राहिले आणि गाडीतून उतरलेला कामगार जिना उतरताच कारखान्यापाशी येई. शेजारीच १९२९ नंतर हान्स शारून, वाल्टर ग्रोपियस, ओटो बार्टनिंग आदी वास्तुकारांनी आधुनिक धाटणीची मोठी गृहवसाहत उभारली, जी २००८ मध्ये बर्लिनच्या इतर पाच वसाहतींसह युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. लोहमार्ग या वसाहतीला लागूनच जातो. म्हणजे काम, घर आणि येण्याजाण्याची वाट ही तिन्ही एकाच योजनेची अंगे होती. परंतु ही जुळणी जितकी नेटकी, तितकीच ती एका यजमानावर अवलंबून होती. मार्ग सुरू होण्याआधी काही आठवडे न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता आणि मंदीत विद्युत उद्योगाची मागणी घसरली. एका कारखान्याची पटसंख्या हाच ज्या मार्गाचा प्रवासी आकडा, त्याला कारखान्याच्या चढउतारातून सुटका नव्हती, हे सुरुवातीलाच दिसून आले.

गरज, पैसा व कारभार या तिघांची दुसऱ्या महायुद्धाने फाटाफूट केली. बॉम्बवर्षावात कारखान्यांचे नुकसान झाले, आणि शांतता आल्यावर मार्गाचा एक रूळ सोव्हिएत युद्धभरपाईत गेला. काही वर्षे एकेरी मार्गावर गाड्या चालवून पन्नाशीच्या दशकात दुसरा रूळ पुन्हा टाकावा लागला. पण रुळापेक्षा मोठी तूट अधिकाराची होती. दोस्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत बर्लिनच्या चारही विभागांतील रेल्वेचा कारभार राइशबानकडेच राहिला, आणि तिचे मुख्यालय सोव्हिएत विभागात होते. जर्मनीची फाळणी झाली तेव्हा पश्चिम बर्लिनच्या भूमीवर पूर्व जर्मनीच्या ताब्यातील रेल्वे चालू लागली. सीमेन्सनेही १९४९ मध्ये आपले मुख्य कार्यालय म्युनिकला आणि समूहातील सीमेन्स-शुकर्ट या कंपनीचे एर्लांगेनला हलवले. बर्लिनचे कारखाने चालू राहिले, पण निर्णय दुसऱ्या शहरात होऊ लागले. आता गरज पश्चिम बर्लिनच्या कामगाराची, रूळ पूर्वेच्या ताब्यात, आणि पैसा भरायला कोणी पुढे यायचे हे अनिश्चित. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतर कामगार संघटनांनी पश्चिम बर्लिनमध्ये या रेल्वेवर बहिष्काराची हाक दिली. तिकिटाचा प्रत्येक पैसा भिंतीच्या तारांसाठी जातो, असा प्रचार झाला. पश्चिम बर्लिनमधील उपनगरी गाड्यांचे रोजचे प्रवासी सुमारे पाच लाखांवरून अल्पावधीत सुमारे एक लाखावर आले. सीमेन्सबान याच जाळ्याचा भाग होता. कारखान्यात हजारो माणसे काम करीत असताना कारखान्याची गाडी रिकामी होत गेली. इथे मागणी नव्हती असे म्हणता येत नाही. मागणी होती, पण ती आपल्या गाडीकडे वळेना, कारण गाडीवर कोणाचा हक्क हा राजकारणाचा प्रश्न बनला होता.

या मांडणीवर पहिला आक्षेप भुयारी रेल्वेचा घेता येतो. यू-७ हा भुयारी मार्ग १ ऑक्टोबर १९८० रोजी रोरडामपर्यंत वाढवण्यात आला आणि सीमेन्सडाम व रोरडाम ही स्थानके कारखान्यांच्या जवळ आली. मग जुना फाटा निरुपयोगी झाला, असे म्हणता येते. तारखा मात्र नेमके उलट सांगतात. संप १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू झाला, भुयारी मार्ग दोन आठवड्यांनी आला. इतका मोठा मार्ग काही महिन्यांत खोदला जात नाही, तो कित्येक वर्षे आधी ठरलेला होता. तो ठरण्यामागे पश्चिम बर्लिनच्या प्रशासनाची हीच भूमिका होती, की परक्या ताब्यातील रेल्वेवर खर्च न करता आपल्या मालकीची सोय उभी करावी. त्यामुळे यू-७ हा फाट्याच्या अंताचे स्वतंत्र कारण न ठरता त्याच फाटाफुटीचे दुसरे फळ ठरतो. आक्षेपातला खरा भाग मान्य केलाच पाहिजे. सीमेन्सश्टाटच्या दक्षिण बाजूला राहणाऱ्या-काम करणाऱ्यांना भुयारी गाडी पुरेशी होती, आणि फाटा परत सुरू करण्याची निकड तिने कमी केली. पण गार्टेनफेल्डपर्यंत तिचा पल्ला नव्हता, तिथली गरज तशीच राहिली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संपानंतर पश्चिम बर्लिनमधील उपनगरी जाळ्यातील जवळपास निम्मे मार्ग बंद पडले, त्यात रिंगबानचा पश्चिमेकडील भागही होता. त्याला सीमेन्सबानसारखीच फाटाफूट सोसावी लागली होती. तरीही पश्चिम बर्लिनच्या परिवहन संस्थेने ९ जानेवारी १९८४ रोजी उपनगरी रेल्वे ताब्यात घेतल्यावर आणि भिंत पडल्यावर रिंगबान टप्प्याटप्प्याने सुरू झाला. १९९३ मध्ये दक्षिणेचा तुकडा, १५ एप्रिल १९९७ रोजी युंगफर्नहाइडपर्यंतचा, आणि २००२ मध्ये वर्तुळ पूर्ण. युंगफर्नहाइडच्या फलाटावर गाडी आली, पण तिथून निघणारा फाटा मात्र सुटा राहिला. मग फाटाफुटीचे कारण अपुरे ठरत नाही का? ठरते, जर ते एकट्याने घेतले तर. वर्तुळाचे लाभार्थी डझनभर वस्त्यांत पसरलेले असतात, त्यातील एखाद्याने पाठ फिरवली तरी बाकीचे मागणी धरतात. फाट्याचे एक टोक मुख्य मार्गाला बांधलेले आणि दुसऱ्या टोकाला एकच वसाहत. तिथे मागणी मांडणारा एक गप्प बसला, तर दुसरा उरत नाही. १९२९ मध्ये हा एकमेव मागणीदार बलवान होता, म्हणून फाटा झपाट्याने बांधला गेला. १९८० नंतर त्याचे मुख्य कार्यालय म्युनिकमध्ये होते आणि बर्लिनमधील कारखान्यांची पटसंख्या कमी होत होती, म्हणून कोणी मागणी केली नाही. जो गुण जन्मावेळी वेग ठरला, तोच अंतावेळी एकाकीपणा ठरला.

तिसरी शंका कारखान्यांच्या ऱ्हासाची. उद्योगाची नोकरकपात हेच मूळ कारण, असे काही जण मानतात. नोकऱ्या घटल्या हे खरे, परंतु घट सावकाश झाली, तर प्रवासी १९६१ नंतर झटक्याने गेले. दोन्हींच्या वेगात मेळ नाही. कपातीने फाट्याची घडी बसण्याची शक्यता दूर नेली, एवढेच श्रेय तिला देता येईल. पुढे फाट्याची अवस्था पडीक मार्गाची होती: रुळांमध्ये बर्चची रोपे वाढली, फलाटांवर छप्परे तशीच उभी राहिली आणि श्प्रेवरचा मूळ पूल आता शिल्लक नाही. पोलादी पूल आणि स्थानके संरक्षित वास्तू असल्याने ती पाडली गेली नाहीत. या संरक्षणाला फार मोठी दूरदृष्टी म्हणण्याचे कारण नाही, ते वास्तुकलेसाठी दिले गेले होते. पण जमीन विकली न गेल्याने मार्गाची पट्टी सलग राहिली, आणि पुढील योजना तिच्यामुळेच व्यवहार्य ठरली.

बदल ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाला. सीमेन्स कंपनी आणि बर्लिनचे राज्य सरकार यांच्यात कारखान्यांच्या जागेवर काम, संशोधन व वस्ती एकत्र आणणारी नवी वसाहत उभारण्याचा करार झाला. त्यासाठी कंपनीने ६० कोटी युरोपर्यंत गुंतवणुकीचे सांगितले आणि सीमेन्सबान पुन्हा सुरू करण्याचा विषय त्याच चर्चेत आला. जर्मन रेल्वे व बर्लिन सरकार यांनी १०० वर्षे पूर्ण होणारे २०२९ हे उद्दिष्ट ठरवले आहे. त्यात श्प्रेवर नवा पूल, पोलादी पुलाची दुरुस्ती आणि स्थानकांचे नूतनीकरण येते. मूळ मांडणीला हा प्रसंग पुष्टी देतो, आणि तिची मर्यादाही दाखवतो. गरज, पैसा व कारभार पुन्हा एका मेजाभोवती आले तेव्हाच अडलेला मार्ग हलला. मात्र पूर्वी कंपनीने स्वखर्चाने रूळ बांधले, आता बांधणी रेल्वे व शासनाची आणि कंपनीचा वाटा जागेवरील गुंतवणुकीचा. म्हणजे जुने ऐक्य मालकीचे होते, नवे वाटाघाटीचे आहे. वाटाघाटीचे ऐक्य बदलत्या सरकारांबरोबर व अंदाजपत्रकांबरोबर ढिले होऊ शकते. दुसरीकडे या वेळी मागणीदार एकटा नाही. गार्टेनफेल्डमध्ये नव्या घरांची योजना आहे आणि २०२० मध्ये बंद झालेल्या टेगेल विमानतळाच्या जागेवर संशोधन व उद्योगाचा नवा विभाग नियोजित आहे. फाट्याच्या शेवटी एका कारखान्याऐवजी अनेक मालकांची वस्ती वसली, तर १९८० सारखी पूर्ण स्तब्धता पुन्हा येण्याची शक्यता कमी होईल. नुसते रूळ पुन्हा टाकून सीमेन्सबान टिकणार नाही, गाडी कोणासाठी धावते या प्रश्नाची उत्तरे अनेक असली पाहिजेत, आणि मार्गाच्या शंभर वर्षांचा हिशेब एवढेच सांगतो.