शुद्ध उगम आणि शुद्ध साक्ष

हृदयविकाराच्या झटक्याने मृत झालेला स्नायू पुन्हा उगवत नाही; त्या जागी व्रण राहतो आणि उरलेले हृदय दुर्बळ होत जाते. ह्या स्थितीस डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. म्हणूनच एप्रिल २००१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील एका निबंधाने मोठी आशा उत्पन्न केली. न्यूयॉर्क राज्यात संशोधन करणारे पिएरो आन्व्हेर्सा व त्यांचे सहकारी यांनी लिहिले की, उंदराच्या हृदयात अस्थिमज्जेतील मूलपेशी टोचल्या असता नऊ दिवसांत झटक्याने बाधित झालेला ६८ टक्के भाग नव्या स्नायूने व्यापला. लवकरच रुग्णांवर प्रयोग सुरू झाले.

ख्रिस्तमंडळीत त्या काळी वाद होता तो भ्रूणापासून घेतलेल्या पेशींविषयी. प्रौढ देहातील पेशी घेताना कोणाचा जीव जात नाही. म्हणून २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ ह्या सूचनापत्रात रोमने तो मार्ग निषिद्ध मानला नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये व्हॅटिकनमध्ये प्रौढ मूलपेशींविषयी परिषद भरली. त्याच महिन्यात रुग्णाच्याच हृदयातील पेशींनी हृदय सुधारल्याचा, आन्व्हेर्सा ज्यात सहभागी होते असा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला.

परंतु मज्जापेशींचे हृदयस्नायूत रूपांतर होत नाही, असे अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी २००४ सालीच दाखविले होते. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ व ब्रिगहॅम रुग्णालय यांनी आन्व्हेर्सांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध बनावट माहितीच्या कारणास्तव मागे घेण्याची शिफारस केली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अहवाल रद्द केला. प्रामाणिक संशोधन चालूच आहे. तथापि पाचशेहून अधिक रुग्णांवरील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही मुख्य उद्दिष्ट साधले नाही.

पेशी कोठून आली, हा प्रश्न आम्ही धर्मगुरूंनी विचारला, आणि तो योग्यच होता. तिच्याविषयी दिलेली साक्ष खरी आहे काय, हा प्रश्न मात्र आम्ही इतरांवर सोडला. उगम निर्दोष असला म्हणजे उपचार सिद्ध झाला, असे नव्हे. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयरोगावर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. म्हणून एखादे कुटुंब शेत गहाण टाकून असा उपचार घ्यावा काय असे विचारील, तेव्हा धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी त्यास प्रथम हेच सांगावे. आजाऱ्यासाठी आपण प्रार्थना अवश्य करावी. पण असिद्ध उपचारास आपल्या शब्दाचे बळ देऊ नये.