गाठीचे निदान आणि परळची परंपरा

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ साधी की कर्करोगाची, हे सांगणारी सर्जिकल पॅथॉलॉजी स्वतंत्र शाखा म्हणून अमेरिकेत आकाराला आली. १९०५ मध्ये मेयो क्लिनिकच्या लुई विल्सन यांनी ऊती गोठवून, पातळ काप रंगवून तपासण्याची जलद पद्धत मांडली; रुग्ण टेबलावर असतानाच निदान मिळू लागले.

महाराष्ट्रात या विद्येचे घर म्हणजे परळ. तिथले टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. काचपट्टीवरची पेशी पाहून ते थांबत नसत. रुग्ण काय नेसतो, काय ओढतो, हेही त्यांच्या विचारात असे. १९४५ मध्ये त्यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह, धोतर कमरेला जिथे घट्ट आवळले जाते तिथल्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. परदेशी ग्रंथ घोकून हे हाती लागले नसते.

या शाखेतली एम.डी.नंतरची फेलोशिप ही त्यामानाने अलीकडची पायरी. एम.डी.च्या तीन वर्षांत रक्ततपासणीपासून शवविच्छेदनापर्यंत सगळेच शिकावे लागते. फेलोशिपमध्ये डॉक्टर गाठींच्या निदानातच मुरतो. टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग-पॅथॉलॉजीचे असे प्रशिक्षण मिळते.