उत्तर मागणारा फळा

शिक्षणाच्या इतिहासात खडू-फळ्याचे स्थान अढळ आहे. परंतु फळ्यावरून ज्ञान बहुधा एकाच दिशेने वाहत असे. १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट आले, १९९१ मध्ये कॅनडात स्मार्ट बोर्ड अवतरला. अक्षरे रंगीत झाली, चित्रे हलू लागली. विद्यार्थी मात्र पुष्कळदा श्रोताच राहिला.

ही उणीव हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांना प्रकर्षाने जाणवली. १९८४ पासून ते तेथे शिकवीत होते आणि विद्यार्थिप्रियही होते. १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गापुढे काही साधे प्रश्न ठेवले. अवजड ट्रक व हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावतो? दोन्ही बले सारखीच, हे खरे उत्तर. न्यूटनचा तिसरा नियम मुखोद्गत असणारेही अशा प्रश्नांत चुकले. शिकविल्याप्रमाणे उत्तर लिहावे की स्वतःला वाटते तसे, अशी शंकाही एका विद्यार्थ्याने विचारली. त्या एका शंकेत पाठांतर आणि आकलन यांतील सारे अंतर प्रकट झाले.

१९९१ पासून माझुर यांनी पद्धत बदलली. थोडे विवेचन, मग पर्यायी उत्तरांचा एक प्रश्न. प्रत्येकाने प्रथम स्वतंत्र उत्तर द्यायचे, नंतर शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे व पुन्हा मत नोंदवायचे. आरंभी हात वर करून वा कार्डे दाखवून उत्तरे घेतली जात. पुढे हातात मावणारी विद्युत-यंत्रे आली. २०१३ मध्ये नॉर्वेतून ‘कहूट’ हा प्रश्नखेळ खुला झाला. स्वीडनच्या ‘मेंटिमीटर’मुळे विद्यार्थ्याने मोबाइलवर दिलेले उत्तर क्षणार्धात पडद्यावर आलेखरूपाने उमटू लागले. नाव उघड होत नसल्याने लाजाळू मुलालाही चुकण्याचे धैर्य आले, हा या साधनांचा मोठाच लाभ.

तथापि साधन म्हणजे साध्य नव्हे. कॅनडातील एका महाविद्यालयात यंत्रे वापरणारा वर्ग आणि साधी कार्डे वापरणारा वर्ग यांची तुलना झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही वर्गांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्राने उत्तरे मोजण्याचे श्रम वाचविले. शिकविले ते नेमक्या प्रश्नाने आणि परस्परांतील चर्चेने.

गज नवा आणल्याने कापड लांबत नाही. मोजमाप तेवढे सुकर होते. ज्या शाळेला नवा पडदा घेणे परवडत नाही, तिने खंत करू नये. जिने घेतला आहे, तिने तो विद्यार्थ्याला बोलते करण्यासाठी वापरावा. विद्यार्थ्याचे चुकलेले उत्तर जेथे आदराने ऐकले जाते, तेथेच खरे अध्यापन सुरू होते.