आइसलंडच्या पालकांचा धडा

शाळकरी मुलगा दारू प्यायल्याचे कानी आले की आपण सर्वप्रथम कडक कायद्याची मागणी करतो. केवळ कायद्याने मुले सावरतात काय, हे पाहण्यास उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलंड या छोट्या देशाचा इतिहास उपयोगी पडेल.

तेथील जनतेने १९०८ साली सार्वमताने दारूबंदीचा कौल दिला आणि १९१५ साली ती अमलात आली. परंतु आइसलंडची खारवलेली मासळी विकत घेणाऱ्या स्पेनने बदल्यात आपली द्राक्षमदिरा खपवण्याचा आग्रह धरला आणि १९२२ साली बंदीस पहिले भगदाड पडले. १९३५ साली इतर मद्येही खुली झाली. तीव्र बियरवरील बंदी तेवढी १ मार्च १९८९ पर्यंत टिकली.

इतक्या दीर्घ बंदीच्या परंपरेनंतरही १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी ४२ टक्के जण मागील महिनाभरात कधी ना कधी दारूने झिंगले होते. २३ टक्के मुले रोज सिगारेट ओढीत आणि १७ टक्के मुलांनी गांजा-चरसाची चव घेतली होती.

१९९२ पासून तेथे शाळांतून मुलांची पाहणी होत होती. व्यसनापासून दूर राहिलेल्या मुलांत काही गोष्टी समान आढळल्या: आईवडिलांचा भरपूर सहवास, आठवड्यातून तीन-चार वेळा खेळ वा अन्य उपक्रम, शाळेत आपली कुणी काळजी घेते ही भावना आणि रात्री उशिरा बाहेर न भटकणे.

याच निष्कर्षांवर पुढील उपाय उभारले गेले. कायदा होताच: अठराव्या वर्षाआधी तंबाखू नाही, विसाव्या वर्षाआधी दारू नाही, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहायचे नाही. पण त्याला पालकांची जोड मिळाली. मुलांसाठी दारू विकत आणणार नाही, देखरेखीविना मेजवान्या होऊ देणार नाही, असे लेखी करार त्यांनी आपसांत केले. रात्री आळीपाळीने ते वस्तीत फेरी मारू लागले. क्रीडा, संगीत व कला यांसाठी सरकारने पैसा पुरवला.

२०१६ साली वरील तीन आकडे अनुक्रमे ५, ३ आणि ७ टक्क्यांवर आले. साधारण त्याच काळात आठवड्यातील कामाच्या दिवशीही आईवडिलांसोबत पुष्कळ वेळ घालवणाऱ्या मुलांचे प्रमाण २३ वरून ४६ टक्के झाले. यातील कोणत्या उपायाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण. पण घराचा वाटा नाकारता येत नाही.

आपल्याकडेही १९४९ पासून दारूबंदी कायदा आहे. तरीही लग्नाच्या मांडवात कोवळ्या पोराच्या हाती पेला देणारा बहुधा घरचाच कुणी काका-मामा असतो. पहाटेची लोकल धरून रात्री परतणारे आम्ही पालक मुलांशी दिवसातून किती वेळ बोलतो? सायंप्रार्थनेनंतरचा एक तास तरी त्यांच्यासाठी राखून ठेवू या, आणि आपल्या मांडवात त्यांच्या हाती पेला जाणार नाही, हे शेजाऱ्यांशी मिळून ठरवू या.