मंडळात वाचलेला निबंध : मराठी इतिहाससंशोधनाची एक परंपरा

इतिहाससंशोधन हे एकांतात बसून करावयाचे काम आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. कागद लावणे, अक्षर उलगडणे, टिपणे काढणे ही कामे एकट्यानेच करावी लागतात. परंतु त्या कामाला छापील ग्रंथाचे रूप येते ते बहुधा समानधर्मी मंडळींच्या बैठकीतून. आम्ही लामता परिसरातील काही मंडळी जमेल तसे लेखन करतो आणि ते एकमेकांना वाचून दाखवितो. या साध्या प्रघातामागे मराठीत केवढी परंपरा उभी आहे, याचे स्मरण करून द्यावे, हा या लेखाचा हेतू.

मराठीतील चिकित्सक इतिहासलेखनाचा आरंभच एका सभेत झाला, असे म्हणता येईल. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे चाळीस वर्षे तो जवळजवळ प्रमाणग्रंथ म्हणून वावरला. १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजातील विद्यार्थ्याने पुण्यातील तरुणांच्या सभेत त्यावर टीकात्मक निबंध वाचला. तो निबंध नंतर ‘विविधज्ञानविस्तारा’त छापला गेला. विशीतल्या विद्यार्थ्याने मान्यवर ग्रंथकाराच्या साधनांची तपासणी मागावी आणि श्रोत्यांनी ती ऐकून घ्यावी, हे त्या काळी लहान धाडस नव्हते.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७८ मध्ये, काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला आणि जुन्या बखरी व पत्रे मासिकाच्या पानांतून वाचकांपुढे येऊ लागली. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांची दप्तरे धुंडाळीत. १८९७ पासून त्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भाग निघू लागले. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. ही बहुतेक मंडळी शिक्षकी पेशातली. सरकारी पाठबळ नाही, ग्राहक मोजके, छपाईचा खर्च डोक्यावर. तरीही त्यांनी छापले. कारण कागद माणसाची वाट पाहत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था या तिघांशी त्यांची शर्यत होती.

विखुरलेल्या या उद्योगाला घर मिळाले ते १९१० मध्ये. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाचा कारभार मराठीतून चाले. ठरावीक काळाने सभा भरे. सभासद आपले टिपण वाचीत, अस्सल कागद हाती असेल तर तो पुढे ठेवीत आणि उपस्थित मंडळी त्यावर शंका घेत. वाचलेले निबंध आणि सापडलेले कागद इतिवृत्तांतून व संमेलनवृत्तांतून छापले जात. १९२० पासून मंडळाचे त्रैमासिक निघू लागले. शोध, वाचन, शंका, दुरुस्ती आणि मग मुद्रण असा तो क्रम होता. आमच्या मते मंडळाच्या यशाचे रहस्य या क्रमात आहे.

या शंका कोणत्या असत? जुन्या पत्रावर पुष्कळदा वर्ष नसतेच. अखेरीस ‘छ १२ रबिलावल’ एवढेच असते. म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र कळतो, साल कळत नाही. मग पत्रातील माणसे, स्वाऱ्या, मुक्काम यांच्या आधाराने साल बसवायचे. कोठे शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे तेव्हा इसवी सन येतो. महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. शकात ७८ किंवा ७९. तिथी दिली असेल तर वार जुळतो की नाही, हे जंत्रीवरून पाहायचे. न जुळल्यास कागद बनावट की नकलेत चूक, हे ठरवायचे. शिक्का, मोर्तब, अक्षराचे वळण, कागदाची जात आणि तो कोणाच्या घरी, कोणत्या रुमालात सापडला, या सर्वांची नोंद हवी. एकट्याच्या नजरेतून यांतले एखादे अंग हमखास निसटते. चारचौघांपुढे वाचले की ते उघडे पडते.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरचा हा कागद लोकमान्य टिळकांच्या हाती आला आणि त्यांनी तो १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केला. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे इसवी सन १६२७ मध्ये झाल्याचे बखरींच्या आधारे सर्वत्र मानले जाई. शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. एका कागदावर एवढा मोठा निर्णय कसा द्यावा, हा प्रश्न रास्त होता आणि तो विचारला गेला. पुढे तंजावरकडे मिळालेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी आढळली; जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीने तिला दुजोरा दिला. दत्तो विष्णु आपटे आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२५ मध्ये ‘शिवचरित्रप्रदीपिका’ काढून ही साधने एकत्र मांडली. दिवेकरांची ‘शिवभारता’ची आवृत्ती १९२७ मध्ये आली. वाद तरीही दीर्घकाळ चालला. अखेर महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका देशमुखी वाड्यातील काही पानांनी सर्वमान्य तारीख हलविली, ती केवळ पाने सापडली म्हणून नव्हे. ती छापून सर्वांच्या तपासणीसाठी खुली केली म्हणून.

मंडळाने माणसेही घडविली. गणेश हरी खरे यांनी फार्सी आत्मसात करून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या मालेचे संपादन केले आणि ‘संशोधकाचा मित्र’ हा मार्गदर्शक ग्रंथ लिहून आपली हत्यारे नवशिक्यांच्या हाती दिली. स्वतःचे शोध प्रसिद्ध करणारे अनेक असतात. शोध कसा लावावा हे मोकळेपणी सांगणारे थोडे.

परंतु या परंपरेच्या उणिवा झाकून ठेवणे हे तिच्याच शिस्तीला सोडून होईल. संस्थापक राजवाडे स्वतः मतभेदांमुळे काही वर्षांतच मंडळापासून दुरावले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि मंडळ मात्र टिकले. दत्तो वामन पोतदारांसारखा व्यासंगी पुरुष. त्यांनी असंख्य कागद जमविले, अनेकांना लिहिते केले, पण ज्या शिवचरित्राकडे सारा महाराष्ट्र डोळे लावून बसला होता ते १९७९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हातावेगळे झाले नाही. पूर्णतेचा ध्यास संशोधकाला लेखनापासून कसा दूर ठेवतो, याचा हा धडा आहे. शिवाय हा सारा व्यासंग मुख्यतः दरबार, दौलत आणि देशमुखी यांच्या कागदांभोवती फिरला. ज्यांच्या घरी रुमाल नव्हते त्यांचा इतिहास त्यात क्वचितच उतरला.

येथेच आमच्या मुलखाचा प्रश्न उभा राहतो. वैनगंगेच्या या खोऱ्याचा इतिहास काही थोडा नाही. वाकाटक नृपती दुसरा पृथिवीषेण याचा अपुरा राहिलेला ताम्रपट बालाघाट जिल्ह्यातलाच. दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट तिरोडीचा. शैलवंशी जयवर्धनाचा राघोलीचा. तिरोडीच्या ताम्रपटाचे संपादन नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले. विदर्भ संशोधन मंडळाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे वाकाटकांच्या कोरीव लेखांवरील इंग्रजी बृहद्ग्रंथाचे काम १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले, पण मराठी वाचकासाठी ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ त्यांनी त्यापूर्वीच, १९५७ मध्ये दिला होता. बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनी १९३४ मध्ये ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला. बालाघाटचे गॅझेटियर मात्र सी. ई. लो या इंग्रज अधिकाऱ्याने १९०७ मध्ये तयार केलेले, आणि जिल्ह्याविषयी काही पाहावयाचे झाले की आजही हात प्रथम त्याच्याकडेच जातो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नागपूर ही आमची राजधानी राहिली नाही आणि मराठी संशोधनसंस्थांच्या नकाशात आमचा जिल्हा कडेला पडला. त्याआधीच, १९५१ मध्ये, मालगुजारी संपली होती. वहिवाटीचा पुरावा म्हणून जपलेले कागद त्यामुळे निरुपयोगी वाटू लागले. शाळेतून मोडी गेली आणि ते वाचणारेही उरले नाहीत. भोसल्यांच्या अमदानीपासूनची मराठी पत्रे, हिशेब, पट्टे कोणाच्या माळ्यावर असतील तर त्यांच्यापुढे एक-दोन पावसाळ्यांचाच प्रश्न आहे. त्याहून नाजूक साधन म्हणजे बोली. पोवारी, गोंडी, झाडीबोली यांतील गाणी, गावांची नावे, शेतीचे शब्द यांना रुमालही नाही. पलीकडच्या भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द गोळा करून कोश सिद्ध केला, तेव्हा हे काम विद्यापीठाच्या आवाराबाहेरही होऊ शकते हे दिसून आले.

आमच्यासारख्या लहान मंडळाने मोठे ग्रंथ योजू नयेत असे नाही. पण आरंभ लहान असावा. प्रत्येक सभासदाने वर्षातून एक कागद, एक शिलालेख किंवा एका वृद्धाची साक्ष बैठकीत आणावी. तो कोठे, कोणाकडे, कधी मिळाला हे पहिल्या ओळीत लिहावे. मालकाच्या संमतीने त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ वस्तू त्याच्याकडेच ठेवावी. मोडी वाचता येणारे दोघे तरी तयार करावेत. निबंधावर आलेली शंका निबंधाबरोबरच छापावी. आणि जे तपासून झाले ते पूर्णतेची वाट न पाहता अंकात द्यावे. सभासदाचे पुस्तक निघाले की आपण त्याचा सत्कार करतो, तो करावाच. परंतु ज्याने एखादी जुनी वही वाळवीच्या तोंडून सोडवून बैठकीत आणली, त्याचेही नाव त्याच आदराने घेतले जावे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढता येते. त्या वहीची दुसरी प्रत कोठेच नसते.